गोगलगायी खाणार नाहीत अशी रोपं

आईनं मला एकच काम सांगितलं होतं. रोपवाटिकेत जायचं, गोगलगायी कुठली रोपं खात नाहीत ते विचारायचं आणि ती आणायची. मी गेले, विचारलं, मला नीट समजावून सांगण्यात आलं, आणि गोगलगायी आवडीनं खातात नेमकी तीच रोपं मी घेऊन आले. चुकून नाही. स्कूटरला पिशव्या अडकवताना मी काय करतेय हे मला पूर्ण ठाऊक होतं.

असं का केलं ते सांगायचं तर गॅसपासून सुरुवात करावी लागेल.

आई हर्सूलकडच्या एका जुन्या कॉलनीत एकटी राहते. वडील गेल्यापासून एकटीच. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, रेल्वे स्टेशनच्या पलीकडं, फ्लॅटमध्ये. रोज सकाळी स्कूटर काढायची, अख्खं शहर ओलांडून तिच्याकडं जायचं, तिच्या गोळ्या काढून ठेवायच्या, दूध-भाजीचं बघायचं आणि तिथूनच ऑफिस गाठायचं, असा माझा क्रम. त्या वर्षी जूनमध्ये एका सकाळी दार ढकललं तर गॅसचा वास. शेगडीचं बटण पूर्ण उघडं, जाळ नाही, वर चहाचं कोरडं भांडं. आणि आई आतल्या खोलीत बुद्धरूपापुढं बसलेली, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात काडेपेटी.

मी इतक्या जोरात ओरडले की तिच्या हातातून काडेपेटी पडली. खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला आणि ओट्याला टेकून खालीच बसले. मी तशी फटकळ आहे, भीती वाटली की मला आधी रागच येतो. म्हटलं, "बॅग भर. आजच्या आज."

"मी तर शेगडीला हात बी लावला नाय," ती म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच काही आठवत नव्हतं. बटण फिरवल्याचं नाही, भांडं ठेवल्याचं नाही. वास का आला नाही विचारलं तर म्हणे सर्दी झालीय. त्या दिवसानंतर माझी सकाळ सकाळ राहिली नाही. प्रत्येक सिग्नलला माझ्या डोळ्यांपुढं ती काडेपेटी यायची. मोबाइलवर तिचं नाव दिसलं की छातीत धस्स व्हायचं, आणि दिसलं नाही तरी व्हायचं. ऑफिसातून फोन करून मी पहिला प्रश्न विचारायचे, "गॅस बंद केलास?" पलीकडून उत्तर, "तू काय पोलीस हायस का?" भांडण ठरलेलं. नवरा म्हणाला, जबरदस्तीनं आण. त्याला माझी आई माहीत नाही.

मग आषाढी पौर्णिमा आली आणि वर्षावास सुरू झाला. आमच्याकडं पावसाळ्याचे ते तीन महिने विहारात रोज वाचन असतं, वंदना असते. कॉलनीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून जमतात. विहाराच्या फाटकापासून पायऱ्यांपर्यंत फुलांचा एक वाफा आहे, दोन हात रुंद. दर वर्षावासात तो एकीच्या ताब्यात असतो. तिनं लावायचा, जपायचा आणि वंदनेला त्यातली फुलं द्यायची. त्या वर्षी आईनं तो मे महिन्यातच मागून घेतला होता. मला हे कळलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. शहात्तर वय, गुडघे वाजतात, आणि ही म्हणे वाफा करणार.

तिनं मला समोर बसवलं. "तू म्हणतीस माझं डोकं चालत नाय. बरं. वर्षावास सरंस्तोवर रोज ताटभर फुलं, त्या वाफ्यातलीच. शहागंजच्या बाजारातून आणलेली नाय, शेजारणीच्या कुंपणाची नाय. एक दिवस जरी ताट रिकामं गेलं तर मी तुझ्या फ्लॅटात येते. एक शबुद बोलणार नाय. आन ताट भरलेलं ऱ्हायलं, तर परत बॅगेचं नाव काढायचं नाय."

मी लगेच हो म्हणाले. मनातल्या मनात पंधरा दिवस धरले होते.

पंधरा दिवस गेले, वीस गेले. मे महिन्यात तिनं झिनिया पेरली होती, ती अशी फुलली की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. लाल, नारिंगी, गुलाबी. रोज सकाळी मी पोचायच्या आत ताट भरलेलं. मला कौतुक वाटायचं, आणि खरं सांगायचं तर चीडही यायची. रोज एक फूल जास्त, म्हणजे माझी सुटका एक दिवस लांब. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. आईच्या झाडाला फूल आल्याचं ज्या लेकीला वाईट वाटतं, तिनं बोलावं तरी कुणाशी?

मग झड लागली. आठ-नऊ दिवस ऊन नाही. आणि एका सकाळी झिनियाच्या चार झाडांचे नुसते दांडे उभे. मातीवर चकचकीत ओले पट्टे उमटलेले. आईनं वीट उलथली. खाली गोगलगायी. शंख नसलेल्या, काळपट, चपट्या, बोटभर लांब. शेतातल्या मातीची एक ट्रॉली वाफ्यात टाकली होती, त्यातून त्या आल्या असाव्यात.

दुसरं कुणी असतं तर मिठाचा पुडा आणून विषय संपवला असता. विहाराच्या महिला मंडळाच्या ज्या प्रमुख आहेत, निवृत्त नर्स, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, त्यांच्या घरून कुणीतरी तो पुडा आणलाही. आईनं तो परत पाठवला. "मीठ टाकलं की ती फेस येऊन मरती. मी तीन महिन्यांचं शील घेतलंय. जीव मारून त्याच मातीतलं फूल वाहायचं, हे मला जमायचं नाय." विषारी गोळ्यांचं तर नावच नको.

त्यावर तिनं काढलेला उपाय म्हणजे रात्री वाफ्यात ओलं गोणपाट अंथरायचं, पहाटे उठून ते उचलायचं, खाली जमलेल्या गोगलगायी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यानं झाकणाच्या बादलीत भरायच्या आणि रस्ता ओलांडून नाल्यापलीकडं सोडायच्या.

"अगं, परत येतात त्या," मी म्हटलं.

"येऊ दे. मी बी परत नेते. मला कुठं हापिसला जायचंय?"

पण झिनिया काही वाचेना. रोज चार-पाच झाडं आडवी. तेव्हा आईनं जे केलं ते मला सुचलंच नसतं. शेजारपाजारची पानं गोळा केली, तुळशीचं, तेरड्याचं, ओव्याचं, कोरफडीचं, जास्वंदीचं, अजून काय काय. एक घमेलं पालथं घालून त्याखाली ती पानं गोल मांडली, मधोमध दोन गोगलगायी ठेवल्या, वर वीट. सकाळी घमेलं उचललं. तुळस खाल्लेली, तेरडा खाल्लेला, जास्वंदीची जाळी झालेली. ओव्याला आणि कोरफडीला तोंडसुद्धा लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पानं बदलून परत तेच. तिसऱ्या दिवशी तिनं मला निकाल सांगितला. "कवळं, पाणीदार खातात. जाड, केसाळ, उग्र वासाचं, कडू खात नायत. आपल्याला तसली पण फुलाची रोपं पाह्यजेत. त्यांना मारायचं नाय आन खायला बी घालायचं नाय."

जिचं डोकं चालत नाही म्हणून मी महिनाभर भांडत होते, तिचं हे डोकं. मला अभिमान वाटायला हवा होता. मला धडकी भरली. ही जिंकणार, असं वाटलं. मग ती त्या घरात राहणार, त्या शेगडीजवळ, एकटी, आणि मला बोलायला तोंड राहणार नाही.

रोपवाटिकेत जायला तिला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मला पाठवलं. तिथले चाचा पावसात पोतं पांघरून कलमांना माती लावत होते. मी विचारलं. त्यांनी हातातलं काम ठेवलं. गोगलगायींनी त्यांनाही छळलं असावं.

"गेंदा नक्को ले जाओ मॅडम. झेंडू तो उनकी बिर्यानी है, तीन रात में साफ. डेलिया भी नक्को. ये सदाफुली ले जाओ, कडवी रहती, उसकू कोई मूँ नै लगाता. बारा महिने फूल. और ये बुटकी घाणेरी. बस, इतना लगा दो और सो जाओ."

सदाफुलीच्या पिशव्या समोरच होत्या, पांढरी आणि गुलाबी, फुललेली. शेजारी झेंडू, हिरवागार, कळ्यांनी भरलेला. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. डोळ्यांपुढं काडेपेटी होती, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. रोजची ती स्कूटर, पाठीचं दुखणं, उशिरा पोचल्यावर साहेबांचं बघणं, आणि "आता बास" असं वाटणं, हेही होतं. सगळं भीतीवर ढकलून मी मोकळी होऊ शकते, पण ते खरं होणार नाही.

"झेंडूच द्या," मी म्हटलं.

चाचांनी माझ्याकडं एकदा बघितलं. "आपकी मर्जी," म्हणाले आणि पिशव्या भरू लागले.

आईनं एक रोप हातात घेतलं, पान चुरगाळलं, वास घेतला. "त्यानं हेच सांगितलं?"

"हो. हेच."

"वास तर उग्र हाय." ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "मग बराबर असंल. पण आधी घमेल्याखाली ठिवून बघू का एक पान?"

"कशाला? त्यानं सांगितलंय ना. दोन दिवस वाया जातील, तोवर झिनिया संपेल."

तिनं मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवून त्या गुडघ्यांवर बसली आणि दुपारपर्यंत सगळी रोपं लावली. मी तिला पाणी आणून दिलं. प्रत्येक रोपाभोवती माती दाबताना ती बोटांनी तीन-तीनदा चाचपत होती. मी तिथून निघाले तेव्हा ती वाफ्याकडं बघून खुशीत होती.

चाचा म्हणाले तसंच झालं. पहिल्या सकाळी पानांना भोकं, दुसऱ्या सकाळी शेंडे गायब, तिसऱ्या सकाळी काड्या. कळ्यांसकट सगळं. मी पोचले तेव्हा आई वाफ्याच्या कडेला विटेवर बसली होती. बादली शेजारी, पण गोगलगायी वेचायचंसुद्धा तिला सुचत नव्हतं.

मला वाटलं होतं ती चिडेल. रोपवाटिकेवाल्याला शिव्या देईल. ते मला चाललं असतं. ती म्हणाली, "पोरी, तू मला काय सांगितलं व्हतंस? पाणी सकाळीच द्यायचं म्हणाला व्हता का त्यो? मी संध्याकाळी दिलं. का अजून काही सांगितलं व्हतं? मी इसरले असंल."

तिथं, त्या क्षणी, सांगता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं की नाही आई, तू काही विसरली नाहीस. माझ्या तोंडातून काय निघालं ते मला अजून ऐकू येतं.

"असेल," मी म्हणाले.

झेंडू आणण्यापेक्षा तो शब्द वाईट होता, हे मला पुढच्या दोन दिवसांत कळलं. आई स्वतःवर पाळत ठेवायला लागली. गोळी घेतली की रिकामं पाकीट हातातच धरून बसायची. शेगडी बंद करायची, दोन पावलं जायची, परत यायची, बटणावर हात ठेवायची आणि मला विचारायची, "मी आत्ता बंद केलं ना? तू बघितलंस ना?" जी बाई मला पोलीस म्हणायची ती आता माझी साक्ष मागत होती. मला हवं होतं ते सगळं माझ्या पदरात पडत होतं. आणि ते घेताना मला माझीच किळस येत होती. रोज ठरवायचे, उद्या सांगू. झिनियाची तीन फुलं उरली होती, मग दोन, मग एक.

गुरुवारी सकाळी गेले तर आई घरी नव्हती. शेजारीण म्हणाली, लवकरच विहारात गेली. मी धावत गेले. वाफ्यात काही नव्हतं. काड्या, ओली माती, गोणपाट. शेवटचं झिनियाचं फूल अर्धं खाल्लेलं, मातीत पडलेलं. आतमध्ये बायका बसल्या होत्या, पांढऱ्या साड्यांच्या रांगा. आई बुद्धरूपापुढं उभी, पाठ माझ्याकडं, हातात स्टीलचं ताट. धुऊन पुसून लखलखीत केलेलं, रिकामं.

तिनं ते खाली ठेवलं आणि सगळ्यांकडं वळली.

"आज फूल नाय," ती म्हणाली. "माझ्याच्यानं झालं नाय. मला चांगली रोपं आणून दिली व्हती. काय करायचं ते बी सांगितलं व्हतं. मी इसरले. आता माझं डोकं काम करत नाय, खोटं कशाला बोलू. परवा मी लेकीकडं जाते. वाफा कुणीतरी घ्या."

सिस्टर उठून तिच्याजवळ गेल्या. तिचा हात हातात घेतला. कुणीतरी डोळ्यांना पदर लावला. मी दाराच्या चौकटीत उभी होते, पायात चप्पल तशीच. कुणाचंही माझ्याकडं लक्ष नव्हतं. मी गप्प राहिले असते तर परवा ती माझ्या फ्लॅटात असती. सुरक्षित. माझ्या डोळ्यांसमोर. एक शब्दही न बोलता. तिनं तसा शब्दच दिला होता आणि ती तो पाळणार होती. मी हे सगळं तेवढ्यात मोजलं. मोजलं नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही.

"ती काही विसरली नाही," मी म्हणाले.

सगळ्या वळल्या. माझा आवाज मला ओळखू येईना.

"रोपवाटिकेवाल्यानं सदाफुली सांगितली होती. झेंडू नेऊ नका म्हणाला होता. गोगलगायी तीन रात्रींत खातील म्हणाला होता. मी मुद्दाम झेंडू आणला. ती हरावी म्हणून. पाण्याचं वगैरे त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. तिनं सगळं बरोबर केलं."

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. सिस्टरनी आईचा हात सोडला नाही, माझ्याकडं बघून फक्त विचारलं, "आणि ती म्हणत होती मी विसरले, तेव्हा तू काय म्हणालीस?"

"असेल म्हणाले."

त्यांनी मान फिरवली. मागच्या रांगेतल्या एका बाईनं मला बसायला सरकून जागा दिली. का दिली कोण जाणे. मी बसले नाही. वंदना रिकाम्या ताटापुढंच झाली. आईनं सगळं म्हटलं, एकही ओळ न चुकता. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

नंतर ती पुढं आणि मी मागं, असे घराकडं निघालो. दोनशे पावलांचा रस्ता. मी छत्री तिच्या डोक्यावर धरायला गेले, तिनं हातानं बाजूला केली. मला वाटत होतं ती ओरडेल, रडेल, तोंड दाखवू नको म्हणेल. मी सगळ्याची तयारी केली होती. माफी मागायची वाक्यंसुद्धा जुळवली होती.

अंगणाच्या फाटकाशी ती थांबली. पाऊस तिच्या केसांवरून कपाळावर येत होता.

"एक सांग," ती म्हणाली. "त्या दिवशीचा गॅस. ते तरी खरं व्हतं का?"

"खरं होतं, आई." मी रडायला लागले. "अगदी खरं होतं. बटण उघडं होतं. तुझ्या हातात काडेपेटी होती."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. लहानपणी मी काही लपवलं की ती तशी बघायची आणि तिला क्षणात कळायचं. या वेळी तिला कळेना. तिला स्वतःला त्यातलं काही आठवत नव्हतं, आणि ते बघणारं माणूस जगात एकच होतं. मी.

"मला म्हाईत नाय," ती शेवटी म्हणाली, आणि आत गेली.

ती त्याच घरात राहते. बॅगेचं नाव मी त्यानंतर काढलेलं नाही. आता कुठल्या तोंडानं काढू? त्या सकाळी मी अंगणातच थांबले. आत भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग नळाचा. मग बटण फिरवल्याचा बारीक आवाज, आणि त्यानंतर काहीच नाही. मला धावत आत जायचं होतं. मी पायरीशीच उभी राहिले. काडी ओढल्याचा आवाज आला, जाळ भडकला, आणि तेव्हा कुठं माझा श्वास सुटला.